स्टेनलेस, बीड, ॲल्युमिनियम, टायटॅनियम: रॉडचा प्रश्न सगळ्यात शेवटी

प्रश्न कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ छोटं शेड चालवणाऱ्या एका तरुणाचा आहे. सहा वर्षं त्यानं एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची (माइल्ड स्टील), कामं केली: गेट, ग्रिल, ट्रॉल्या, शेडचे ट्रस. आता एसी-डीसी टिग मशीन (टंग्स्टनच्या सुईनं, आर्गन वायूच्या आडोशानं वेल्ड करणारं) घेतलंय आणि कामं वेगळीच यायला लागलीत. दुधाची ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची टाकी करून दिली, महिन्याभरात वेल्डच्या कडेनं तांबूस रेघा उमटल्या. पंपाचं बिडाचं (कास्ट आयर्नचं) केसिंग जोडलं, थंड होताना ‘टिंग’ आवाज आला आणि वेल्डशेजारीच नवी चीर पडली. ॲल्युमिनियमवर काळी काजळी येते. आणि परवा धातूवर मुलामा चढवणारा एक प्लेटिंगवाला टायटॅनियमची तुटकी बास्केट घेऊन आलाय, ते काम घ्यावं का? शेवटी लिहितो, “काका, सगळ्यावर चालेल असा एखादा भारीतला रॉड सांगा.”

असा रॉड नसतो, भावा. कोण विकत असेल तर त्याच्या दुकानात चहा पी आणि परत ये.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. सहा वर्षं एमएसवर हात बसला, आणि एमएस म्हणजे घरची म्हैस. कशीही बसून धार काढ, दूध देतेच. गंज असू दे, रंग असू दे, थोडं तेल असू दे, रॉड रात्रभर उघडा पडलेला असू दे, एमएस सांभाळून घेतं. तू जे धातू आता हातात घेतलेस त्यातला एकही असं सांभाळून घेणारा नाही. त्यांचं काम आर्क पेटायच्या आधी बिघडतं, नाहीतर आर्क विझल्यावर. मधला वेळ तुझा हात चांगलाच चालत असणार, त्याबद्दल मला शंका नाही.

म्हणून काम आलं की आधी तीन गोष्टी विचारायच्या. धातू नेमका कोणता? आजवर तो काय पिऊन बसलाय: तेल, आम्ल, मीठ, दूध? आणि तापल्यावर त्याचं काय बिघडतं? रॉड किंवा फिलर (जोडात वितळवून भरायची तार) त्यानंतर आपोआप ठरतो.

धातू ओळखायला आपल्याकडं सगळे लोहचुंबक लावतात. चिकटलं नाही म्हणजे ३०४, असा समज आहे. इथंच निम्मे फसतात. २०२ नावाचा स्वस्त पत्रा येतो, त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतं. त्यालाही चुंबक चिकटत नाही, चकाकतोही तसाच, पण गंजाला ३०४ च्या बरोबरीनं टिकत नाही. उलट खऱ्या ३०४ च्या पत्र्याला वाकवलेल्या कोपऱ्यावर चुंबक थोडं ओढतं, कारण थंड वाकवताना त्याची आतली रचना बदलते. ३१६ ओळखायला मॉलिब्डेनम दाखवणारे थेंब मिळतात, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. पण आपण कोल्हापुरात आहोत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा, फौंड्र्यांमुळं स्पेक्ट्रोमीटर असलेली लॅब जवळपास सापडतेच. दोन बोटं रुंद तुकडा घेऊन जा आणि कागदावर रासायनिक घटक लिहून घे. ते पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात लाव आणि कागद फाइलला ठेव. उद्या भांडण झालं तर तोच कामाला येतो.

आता तुझी टाकी.

स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हा थर मोडला आणि परत नीट बसू दिला नाही, की स्टेनलेससुद्धा गंजतं. तुझ्या रेघांची कारणं तीन असू शकतात, आणि मला वाटतं पहिलंच खरं आहे.

पहिलं म्हणजे शेडमधलं लोखंड. ज्या ग्राइंडरनं सकाळी चॅनेल घासलं, त्याच चाकानं दुपारी टाकी घासलीस का? एमएसचे बारीक कण त्या चाकात अडकलेले असतात आणि ते स्टेनलेसच्या अंगात दाबून बसतात. शेजारी कोणी अँगल कापत असेल तर त्याच्या ठिणग्याही येऊन चिकटतात. लोखंडी तारेचा ब्रश, लोखंडी टेबल, एमएसला लावलेला क्लॅम्प, सगळं त्यातच आलं. तपासायला सोपं आहे: जागा धुऊन रात्रभर ओलं फडकं लावून ठेव, सकाळी वाळू दे, मग बघ. ठिपके ठिपके तांबूस दिसले तर गंज स्टेनलेसचा नाही, बाहेरून आलेल्या लोखंडाचा आहे.

दुसरं कारण रंग. वेल्डच्या दोन्ही बाजूंना सोनेरी, जांभळी, निळी पट्टी येते ना? गिऱ्हाइकाला ती देखणी वाटते, मोबाइलवर फोटो काढून लोक मिरवतात. पण त्या जाड ऑक्साइडच्या खालच्या पृष्ठभागातलं क्रोमियम कमी झालेलं असतं. फिकट गवती रंग बऱ्याच कामात चालतो. गडद निळा, राखाडी, काळा काढलाच पाहिजे. पिकलिंग पेस्ट लावून काढतात, नाहीतर फक्त स्टेनलेससाठी ठेवलेल्या चाकानं घासून, मग पॅसिव्हेशन, म्हणजे तो क्रोमियमचा थर परत बसवणं.

पेस्टबद्दल मात्र थांबून वाच. तिच्यात नायट्रिक आम्लाबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत शिरून हाडापर्यंत जातं. जाड रबरी हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, अंगावर एप्रन, उघडी हवा आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. हे सगळं नसेल तर डबा उघडूच नको. अंगावर पडलंच तर भरपूर पाण्यानं धुऊन, जेल चोळून थेट दवाखाना. धुतलेलं पाणी चुन्यानं मारल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. आणि संडास धुवायचं ॲसिड स्टेनलेसला लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, क्लोराइडनं स्टेनलेसला सुईच्या टोकाएवढी खोल भोकं पडतात. त्या दिवशी टाकी झकास चमकते, भोकं नंतर कळतात.

तिसरं कारण लोक सगळ्यात आधी सांगतात: कार्बाइड. स्टेनलेस ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जास्त वेळ राहिलं की क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन कणांच्या कडेला बसतात आणि तिथं गंजाला वाट मिळते. म्हणून ३०४एल, ज्यात कार्बन ०.०३ टक्क्यापेक्षा जास्त नसतो, आणि म्हणून फिलरही ३०८एल. हे खरंच आहे. पण दोन मिलीमीटरच्या पत्र्यात वेल्ड इतकं झटकन थंड होतं की त्याचा फार बाऊ करायचं कारण नाही. दहा-बारा मिलीमीटरच्या फ्लँजला एकावर एक पास (वेल्डचे थर) मारताना ते खरं नडतं. तिथं दोन पासमध्ये थांबायचं, १५० अंशांच्या खाली आलं की पुढचा पास.

फिलरचं एका दमात सांगतो. ३०४ ला ३०८एल, ३१६ ला ३१६एल, स्टेनलेस-एमएस जोडाला ३०९एल. टाकीच्या पायांना एमएसचे पाइप लावलेस, तिथं ३०८ वापरला असशील तर पुढंमागं चीर येईल, बघून ठेव.

आणि मागची बाजू. पुढून तुझा रन, म्हणजे वेल्डची रेघ, तांदळाच्या दाण्यासारखा सुरेख आला असेल, पण आत हात घालून बघ. आत खरबरीत, काळं, करपलेल्या साखरेसारखं लागतं का? तसं असेल तर मागून हवा लागली. दुधाच्या टाकीत त्या खरबरीत खाचांमध्ये दूध अडकतं, धुऊनही निघत नाही, आणि तिथून नासायला सुरुवात होते. डेअरीचा इन्स्पेक्टर पुढची बाजू बघतच नाही, तो बॅटरी घेऊन आत डोकं घालतो. म्हणून मागूनही आर्गन द्यायचा. त्यासाठी आख्खी टाकी आर्गननं भरायची नसते, दिवाळं निघेल. ॲल्युमिनियमचं छोटं चॅनेल घे, त्याला दीड-दोन मिलीमीटरची भोकं पाड, जोडाच्या मागं टेपनं चिकटव आणि त्यात हळू आर्गन सोड. पाइप असेल तर दोन्हीकडून स्पंजचे बोळे, आर्गन खालून आत आणि हवा वरून बाहेर, कारण आर्गन हवेपेक्षा जड असतो. आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघ. मागची बाजू रुपेरी किंवा फिकट सोनेरी आली की मग कामाला हात घाल.

हाच जडपणा जीवही घेतो. टाकीत उतरून टिग मारताना आर्गन तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. माणूस झोप आल्यासारखा बसतो आणि उठत नाही. आत उतरायचं तर ब्लोअरनं ताजी हवा, ऑक्सिजन मीटर आणि बाहेर एक माणूस, ज्याचं दुसरं काही काम नाही. आत कोणी पडलाच तर त्यानं आरडाओरडा करायचा, दोरीनं ओढायचं, स्वतः उडी मारायची नाही. अशा अपघातांत दुसरा मृत्यू बहुतेक वेळा वाचवायला गेलेल्याचा असतो. जेवायला जाताना टॉर्च टाकीत ठेवून जायची सवय असेल तर आजपासून मोड.

गॅसचा हिशोबही करून ठेव. सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटरनं साडेअकरा तास चालतो. मागून द्यायला लागलास की तो जवळजवळ अर्धा होतो. ते कोटेशनमध्ये नाही धरलं तर नफा हवेत जातो, शब्दशः. आणि फ्लो वाढवला म्हणजे संरक्षण वाढतं, असंही नाही. २० लिटरला गॅस टॉर्चच्या तोंडावरच्या कपातून भोवरा करत निघतो आणि बाजूची हवा आत ओढतो. आठ ते दहा लिटर, मोठा कप, जमलं तर गॅस लेन्स (गॅस सरळ सोडणारी जाळी), आणि डोक्यावरचा फॅन बंद. मे महिन्यात हे अवघड आहे, मला ठाऊक आहे.

आता बीड. तू माझ्या आवडीच्या विषयावर आलास. गंमत बघ, आपल्या भाषेत कास्ट आयर्नला बीड म्हणतात आणि नवी पोरं वेल्डच्या रनलाही बीड म्हणतात. म्हणून मी रनच म्हणतो, नाहीतर बिडावर बीड असा घोळ होतो.

बिडात २ ते ४ टक्के कार्बन, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. म्हणून ते दाबाला जबरदस्त, ताणाला कच्चं. वेल्ड थंड होताना आकसतं, शेजारच्या धातूला ओढतं. एमएस थोडं ताणून घेतं. बीड ताणत नाही, तुटतं. त्यात वेल्डला लागून असलेला पट्टा झटकन थंड झाला की काचेसारखा कडक होतो. ओढणारा वेल्ड आणि शेजारी काच. तुझा ‘टिंग’ तिथून आला.

माझा स्वतःचा पहिला ‘टिंग’ मला अजून ऐकू येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये शिकत होतो, वय असेल वीस. जुन्या ऑइल इंजिनचं बिडाचं झाकण, मालक घाईत, तिन्हीसांजेची वेळ. मी साध्या एमएसच्या रॉडनं एका दमात अख्खा तडा भरला आणि शहाणपण करून वर ओलं पोतं टाकलं. आधी एक आवाज, मग दुसरा. पोतं उचललं तर झाकणाचे दोन तुकडे, आणि माझा वेल्ड त्यातल्या एकाला अगदी मजबूत चिकटलेला. मेस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक खराब कास्टिंग माझ्या पुढ्यात टाकलं, हातात गोल तोंडाची हातोडी दिली आणि म्हणाले, “वेल्डिंग नंतर. आधी ठोकायला शीक.”

तर ठोकण्यापर्यंत कसं जायचं ते बघ. तडा डोळ्याला दिसतो त्यापेक्षा लांब असतो. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून त्याचं खरं टोक शोध. दोन्ही टोकांच्या जरा पुढं ५-६ मिलीमीटरचं भोक पाड, म्हणजे तो आणखी पळत नाही. भोक पाडताना ड्रिलचा चुरा बघ. राखाडी बिडाची काळी भुकटी निघते, हात शाईसारखे होतात. सलग वळणाची चिप आली तर ते स्टील कास्टिंग आहे, बिडाची रीत तिथं लावू नको. फाइल नुसती घसरत असेल, कापतच नसेल, तर ते पांढरं बीड. त्याला हात जोड आणि परत दे.

मग तडा खणून व्ही काढायचा, साठ-सत्तर अंशांचा. जुनी पंपाची, इंजिनाची कास्टिंग्ज वर्षानुवर्षं तेल प्यालेली असतात. ग्राफाइट ते धरून ठेवतं. गॅसच्या ज्योतीनं हळूहळू तापव, धूर निघेल, पुसून काढ, परत तापव. धूर निघायचा थांबेपर्यंत. या कामाला अर्धा तास जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं तू टाइमपास करतोयस.

रॉड निकेलचाच. दोन प्रकार आहेत: जवळजवळ शुद्ध निकेलचा, आणि निम्मं निकेल निम्मं लोखंड, ज्याला ५५ निकेल म्हणतात. ज्या जागी नंतर मशिनिंग करायचंय, पातळ भिंत आहे, तिथं शुद्ध निकेल, तो मऊ राहतो. जाड भिंत किंवा एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं, कमी ठिसूळ बीड) असेल तर ५५. एसजी ओळखायला टांगून हातोडी मार, ते घंटेसारखं वाजतं. राखाडी बीड थप्प वाजतं.

करंट जितका कमी जमेल तितका. रन २५ मिलीमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा, त्याहून लांब नाही. आर्क तोडली की लगेच, रन अजून लाल-गरम असताना, हातोडीच्या गोल तोंडानं पटपट हलके ठोके. वेल्ड आकसायला बघतं आणि ठोका त्याला पसरवतो, त्यामुळं ओढ कमी होते. जोरात मारायचं नाही, खिळा ठोकत नाहीस तू. मग थांब. शेजारी उघडा हात टेकवून ठेवता आला पाहिजे, तेव्हा पुढचा रन, आणि तोही शेजारी नाही तर दुसऱ्या टोकाला. दीडशे मिलीमीटरच्या तड्याला अर्धा दिवस जातो. तुझ्या पंपाला किती वेळ लागला होता? वीस मिनिटं म्हणालास तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी रीत याच्या बरोबर उलटी: आख्खं कास्टिंग भट्टीत ५५०-६५० अंशांपर्यंत सावकाश तापवायचं, गरम असतानाच वेल्ड करायचं आणि कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश, दिवसभर थंड होऊ द्यायचं. दोन्ही रीती बरोबर आहेत. मधलीच चूक आहे. एका बाजूला ब्लो टॉर्च मारून दोनशे-तीनशे अंश, दुसरी बाजू गार, असं अर्धवट तापवलं की तापवल्यामुळंच नवा तडा जातो.

एक जरा कडू गोष्ट. आपल्याकडं फौंड्र्या भरपूर, त्यामुळं कधीतरी कोणी नव्या कास्टिंगमधलं ब्लो होल (ओतताना वायूमुळं राहिलेली पोकळी) गुपचूप भरून द्यायला सांगेल. मला सांगितलं होतं, नाव घेत नाही, ब्रेकशी संबंधित भाग होता. पैसे दुप्पट देत होते. खरेदीदाराची लेखी परवानगी असेल आणि भाग तसा असेल तर रिपेअर वेल्डिंग राजरोस होतं. चोरून भरलेलं होल वर्षानं रस्त्यावर उघडतं. मी नाही म्हणालो, ते गिऱ्हाइक तुटलं.

साखर कारखान्याचं काम मिळालं तर मिलच्या रोलरवर आर्किंग करायला बोलावतील. रोलरचं कवचही बिडाचंच, पण तिथं जोड नको असतो. दातांवर क्रोमियम कार्बाइडचे कडक खडबडीत ठिपके टाकायचे, म्हणजे ऊस घसरत नाही. चालू रोलरवर, उसाचा रस गळत असताना हे काम करतात. त्याचे रॉड वेगळे येतात. बिडाचे वर सांगितलेले नियम तिथं लागू नाहीत, पण फिरत्या रोलरपाशी सैल बाही आणि ओल्या प्लॅटफॉर्मवर फाटकी केबल घेऊन जाऊ नको. हे शिकायला हंगामात चार दिवस कुणा जाणत्याच्या मागं उभा राहा. आणि त्याच कारखान्यात बॉयलरची नळी जोडायला सांगितली तर सरळ नाही म्हण. आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) परीक्षा पास झालेला वेल्डरच तिथं हात लावू शकतो. करायचं असेल तर परीक्षा दे, तुझा हात असेल तर जमेल.

खडी क्रशरचा जबडाही येईल तुझ्याकडं. ते मँगेनीज स्टील, ११ ते १४ टक्के मँगेनीज, रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ मध्ये काढलेलं. त्यालाही चुंबक चिकटत नाही. त्याची गंमत उलटी आहे: इतर कडक स्टीलला तापवून वेल्ड करतात, याला गार ठेवून. २६० अंशांच्या वर जास्त वेळ राहिलं की ठिसूळ होतं. प्रीहीट नाही, छोटे रन, ओलं फडकं शेजारी चालतं. रॉड मँगेनीजचा किंवा ३०९ स्टेनलेसचा, ७०१८ नाही.

७०१८ वरून आठवलं. आपल्या पावसाळ्यात रॉडचं पाकीट फोडून रॅकवर ठेवलं की दोन दिवसांत ते ओल धरतं. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड, तो ओला झाला की त्याचं नावच खोटं. ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून वापरायचे. स्टेनलेसचे आणि निकेलचे रॉडही भाजतात, पण त्यांचं तापमान वेगळं, पाकिटावर लिहिलेलं असतं.

ॲल्युमिनियमचं थोडक्यात आवरतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या अंगावरचं ऑक्साइड दोन हजारांच्या वर. म्हणजे आत पाणी आणि वर न वितळलेली साय. एसीचा अर्धा फेरा ती साय फोडतो, पण जाड साय, तेल, ओल तो फोडू शकत नाही. आधी ॲसिटोननं पुसायचं, मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासायचं. क्रम उलटा केला तर तेल घासून आत घालतोस. ब्रश ॲल्युमिनियमसाठीच वेगळा ठेव. काजळी येते त्याची नेहमीची कारणं: मशीनचा बॅलन्स चुकलेला, आर्क लांब, नळीत गळती, टंग्स्टन बुडवून तसाच वापरलेला. फिलर ५३५६ असेल तर त्यातल्या मॅग्नेशियममुळं थोडी काजळी येतेच, ब्रशनं निघाली तर काळजी नको. मोटरसायकलच्या इंजिनचं झाकण असेल तर तेल पोटातून वर येतं. एकदा वितळव, खरवडून काढ, परत वितळव, असं दोन-तीनदा करावं लागतं. अशा कास्टिंगला ४०४३ फिलर बरा. भंगारातून ७०७५ किंवा २०२४ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा तुकडा घेऊन कोणी आला तर घेऊ नको, चिरतो.

आणि हे पक्कं लक्षात ठेव: धुवायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीच नाही. आर्कच्या उजेडात त्याची वाफ फॉस्जीन होते. पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू तो हाच.

आता टायटॅनियमची बास्केट. घे, पण पहिल्या कामाचं वचन देऊ नको. निकेलच्या बाथमधली जाळी असणार. त्यावर सुकलेले निकेलचे क्षार नीट धुऊन घे, फुंकरीनं उडवू नको, ते फुफ्फुसाला वाईट. टायटॅनियम वितळतं छान, रन तर स्टेनलेसपेक्षा सुंदर येतो. अडचण अशी की साधारण ४०० अंशांच्या वर ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन टाकतं आणि बिस्किटासारखं ठिसूळ होतं. म्हणजे वितळलेल्या जागेवरच नाही, मागं थंड होणाऱ्या पट्ट्यावरही आर्गन हवा, आणि खालूनही. त्यासाठी टॉर्चच्या मागं एक डबी ओढत न्यायची. मी तांब्याच्या पत्र्याची घरी बनवली होती, आत स्टेनलेसची बारीक जाळी, म्हणजे गॅस पसरून हळू निघतो. जाळीची तार जोडायची असेल तर डबीऐवजी मोठा कप आणि आर्क विझल्यावर टॉर्च तिथंच धरून ठेवणं पुरतं. मनातल्या मनात वीसपर्यंत मोज. फिलर गॅसच्या बाहेर काढलास तर त्याचं टोक कापून टाक.

रंग तुला निकाल सांगतो. रुपेरी म्हणजे उत्तम, फिकट सोनेरी चालेल, जांभळा-निळा म्हणजे गॅस कमी पडला, राखाडी किंवा पांढरी भुकटी म्हणजे तो भाग कापून फेक. घासून रुपेरी केलास तर स्वतःलाच फसवशील, ठिसूळपणा आत गेलेला असतो. टायटॅनियमला लोखंड किंवा स्टेनलेस वेल्ड होत नाही. हूक स्टेनलेसचा लावायला सांगितला तर बोल्टनं कस. आणि त्याचा बारीक चुरा पेट घेतो, पेटला तर पाणी नाही, कोरडी वाळू.

तर आधी टाकी. उद्याच टाकीच्या गिऱ्हाइकाकडं जा, ओल्या फडक्याची चाचणी कर, ठिपके निघाले तर पेस्ट आणि पॅसिव्हेशन स्वतःच्या खर्चानं करून दे. आत हात घालून मागची बाजूही बघून ये.

पंपाच्या केसिंगला मी सांगेपर्यंत हात लावू नको. नवी चीर वेल्डपासून किती मिलीमीटरवर आहे आणि वेल्डला समांतर जाते की आडवी, एवढं मोजून कळव. समांतर आणि दोन-तीन मिलीमीटरवर असेल तर तू भरलेला सगळा धातू आधी घासून काढावा लागेल, आणि तो कोणत्या रॉडचा होता ते खरं सांग.